बचत करा, पण डाळीत नको

महागाई वाढली की किराण्याच्या यादीवर पहिली कात्री कुठे लागते, हे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून चांगले कळते. थकवा, जिना चढताना लागणारी धाप, दुखणाऱ्या पिंढऱ्या, गळणारे केस अशा तक्रारी घेऊन तिशी-चाळिशीतल्या स्त्रिया येतात. रक्त तपासले की हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघते. काय खाता, असे विचारले की उत्तर जवळपास ठरलेले असते: सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पोळी आणि उरलीसुरली भाजी, रात्री भात आणि पातळ वरण. ‘डाळ किती महाग झालीय डॉक्टर, म्हणून पाणी जरा जास्त घालते,’ हे वाक्य तर किती वेळा ऐकले असेल. आणखी दोन प्रश्न विचारले की कळते, त्याच घरात महिन्याला पाच लिटर तेल लागते, रोज बिस्किटांचा एक पुडा संपतो आणि मुलांच्या दुधात घालायला चॉकलेटी पावडरचा डबाही येतो.

ही एकदोन घरांची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार, घरखर्चाच्या दर १०० रुपयांपैकी शहरांत सुमारे ११ आणि ग्रामीण भागात जवळपास १० रुपये पेये, तयार खाद्यपदार्थ आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर जातात. डाळींवरचा खर्च त्याच्या चौथा हिस्साही नाही. म्हणजे काटकसरीला वाव आहे. फक्त आपण ती चुकीच्या ओळीत करतो.

भाव किलोचा नको, प्रथिनांचा पाहा

दुकानात आपण किलोचा किंवा पुड्याचा भाव पाहतो. पण पोट किलोंवर भरत असले, तरी शरीर पोषकद्रव्यांवर चालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला हा आकडा ५० ग्रॅमच्या घरात जातो. मग प्रश्न असा विचारायला हवा: दहा ग्रॅम प्रथिने मला कितीला पडतात?

हिशेबासाठी ढोबळ भाव धरू. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते घालून पाहा. हरभरा डाळ ९० रुपये किलो असेल, तर तिच्यातली दहा ग्रॅम प्रथिने साधारण साडेचार रुपयांना पडतात. तूरडाळ १४० रुपयांनी घेतली तर साडेसहा रुपयांना, शेंगदाणे १५० रुपयांनी घेतले तर सहा रुपयांना. सोयाबीनच्या वड्या त्याच भावाने घेतल्या, तर अवघ्या तीन रुपयांना. कारण त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनेच असतात. सात रुपयांच्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, म्हणजे दहा ग्रॅमला साडेअकरा रुपये. साठ रुपये लिटरच्या दुधातून तीच प्रथिने १९ रुपयांना मिळतात.

आता साधी ग्लुकोज बिस्किटे पाहा. ती सगळ्यांत स्वस्त वाटतात, पण दहा ग्रॅम प्रथिनांसाठी दीडशे ग्रॅम बिस्किटे खावी लागतील. त्यांचे पंधरा रुपये होतात आणि सोबत सात-आठ चमचे साखर पोटात जाते. चॉकलेटी पावडर किलोला पाचशे रुपये पडत असेल आणि तिच्यात शंभर ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम प्रथिने असतील, तर हाच आकडा साठ रुपयांच्या वर जातो. मूल कपात दोन चमचे पावडर घालून पिते, तेव्हा पावडरमधून त्याला जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने मिळतात. बाकी सहा ग्रॅम त्या कपातले दूधच देते.

हा हिशेब केवळ प्रथिनांचा आहे. दूध आणि अंडी यांतून ब-१२ जीवनसत्त्वही मिळते, ते डाळींत नसते. त्यामुळे महाग पडते म्हणून दूध किंवा अंडी बंद करू नयेत. डाळीच्या प्रथिनांत एखाद्या अमिनो आम्लाची उणीव असते, ती धान्य भरून काढते. धान्याची उणीव डाळ भरून काढते. वरण-भात, पिठले-भाकरी, मटकीची उसळ आणि पोळी, भाजणीचे थालीपीठ या जोड्या आपल्या घरांत आधीपासून आहेत. त्यांतली डाळ पातळ झाली की जोडी मोडते.

तेल, साखर, मीठ: पिशवीवर तारीख लिहा

पैसे वाचवायची खरी जागा इथे आहे, आणि इथे केलेली बचत रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांच्या औषधांवरही वाचते. पुढच्या महिन्यात एवढेच करा: तेलाची पिशवी, साखर आणि मीठ उघडाल त्या दिवशी पेनाने त्यावर तारीख लिहा. संपेल तेव्हा मोजा.

बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे तेल-तूप पुरते. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन लिटर झाले. तुमच्याकडे पाच लिटर जात असेल आणि त्यातले दीड लिटर कमी केले, तर १५० रुपये भावाने सव्वादोनशे रुपये वाचतात. तेवढ्यात अडीच किलो हरभरा डाळ येते. याचा अर्थ चौघांपैकी प्रत्येकाच्या ताटात रोज वीस ग्रॅम जास्त डाळ. एकही रुपया जादा न घालता वरण घट्ट झाले. कढईत बाटलीने तेल ओतण्याऐवजी चमच्याने घालणे, एवढी एक सवयही बरेच तेल वाचवते.

साखर दिवसाला माणशी २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. चौघांना महिन्याला तीन किलो. पण त्यात बिस्किटे, सरबते, मिठाई यांतली साखरही आली. म्हणून डब्यातली साखर दोन किलोंच्या पुढे जाऊ नये. गूळ घेतला तरी तो याच हिशेबात धरायचा.

मिठाची मर्यादा माणशी रोज पाच ग्रॅम. एक किलोची पिशवी चौघांना पन्नास दिवस पुरायला हवी. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ वेगळेच. पिशवी महिनाभरात संपत असेल, तर घरातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस वाढवण्याआधी त्या पिशवीचा विचार करा. गोळी मात्र आपल्या मनाने कमी करू नका.

रोज दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा म्हणजे महिन्याला तीनशे रुपये. तेवढ्यात साडेतीन डझन अंडी येतात. अंडी चालत नसतील, तर दोन किलो शेंगदाणे. पोह्यांत मूठभर दाणे, चहासोबत भाजलेले फुटाणे, संध्याकाळी गूळ-शेंगदाण्याचा लहानसा लाडू, हे मुलांच्या अंगवळणी पडायला फार दिवस लागत नाहीत.

आरोग्याच्या नावाने महाग

पुड्यावर ‘आरोग्य’ लिहिले की किंमत वाढते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना, दुधात घालायच्या पावडरी आणि तत्सम पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढून टाकण्यास सांगितले. कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. मधुमेहींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत साखर नसली, तरी बहुतेक वेळा मैदा आणि स्निग्ध पदार्थ असतातच. रक्तातली साखर त्यांनीही वाढते, आणि पैसे दुप्पट जातात.

गुलाबी किंवा सैंधव मीठ साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग असते. त्यात मुद्दाम आयोडीन घातले नसेल, तर गर्भवतीसाठी आणि वाढत्या मुलांसाठी ते तोट्याचेच. साधे आयोडीनयुक्त मीठ स्वस्तही आहे आणि योग्यही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

फळांचेही तसेच. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो. ‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत सफरचंद पेरूच्या जवळपासही येत नाही. पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असते. मोसमात पेरू, आवळा, बोरे घ्यावीत. नाचणीत शंभर ग्रॅममागे दुधाच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम असते. पण नाचणी घ्यायची ती पिठाची किंवा सत्त्वाची; नाचणीच्या नावाने मिळणाऱ्या बिस्किटात नाचणी किती आहे, हे मागे वाचावे. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल, तर पुढे काय लिहिले आहे याने फारसा फरक पडत नाही.

इथे काटकसर नको

काही ठिकाणी वाचवलेले दहा रुपये पुढे दहा हजारांना पडतात. कुबट वास येणारे, काळपट किंवा बुरशी लागलेले शेंगदाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पूर्णपणे जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. पावसाळ्यात दाणे, मका, मिरची थोडीथोडीच आणावी आणि कोरड्या डब्यात ठेवावी.

सुटे तेल आणि सुटी हळदपूड टाळावी. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील धोतऱ्याच्या तेलाच्या भेसळीने साठाहून अधिक बळी घेतले. पिवळा धोतरा आपल्याकडेही पडीक रानात सर्रास उगवतो. हळदीला रंग यावा म्हणून शिसे असलेले रसायन मिसळण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. ओळखीच्या ठिकाणची हळकुंडे आणून दळून घ्यावीत. अति चकचकीत पिवळी मात्र नकोत. नाहीतर चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक छापलेले पाकीट घ्यावे.

तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवणे ही तिसरी खोटी बचत. उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. पुन्हा तळायला घेऊ नये. दर आठवड्याला तळण न करणे, ही त्याहून मोठी बचत.

रेशनच्या तांदळाबद्दलही सांगायला हवे. गेल्या काही वर्षांत या तांदळात थोडे वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे आले. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून अनेक घरांत ते निवडून फेकले गेले. ते लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून तयार केलेले दाणे होते, शंभर दाण्यांमागे साधारण एक. ज्या घरात रक्तक्षय आहे, त्याच घरात ते केरात जात होते.

यादी आधी, बाजार नंतर

उपाशी पोटी आणि यादीशिवाय दुकानात जाऊ नये. यादीत डाळी, कडधान्ये, दाणे, अंडी आधी लिहावीत. बिस्किटे, फरसाण, पावडरी शेवटी, पैसे उरले तर. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही छापलेली असते. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो असे नाही, ते तिथे कळते. ‘एकावर एक फुकट’ दिसले की आधी तारीख पाहावी, मग त्या तारखेच्या आत आपल्याकडे ते संपेल का, हे विचारावे.

भाजी आठवडी बाजारात, मोसमाची घ्यावी. टोमॅटो शंभरीला गेला की चिंच, आमसूल आहेच. मुळ्याचा, बिटाचा पाला फेकू नये. शेवग्याचा पाला तर अनेक गावांत फुकट मिळतो. कडधान्ये रात्री भिजवली की गॅस वाचतो. मोड आल्यावर त्यातले लोह शरीराला अधिक मिळते, वर लिंबू पिळले तर आणखी. जेवणाला लागून चहा घेतला, तर तो हेच लोह अडवतो. चहा तासभर पुढे ढकलायला एक पैसाही लागत नाही.

हिमोग्लोबिन आधीच आठवर असेल, तर मात्र एकट्या आहाराने ते भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या लागतात आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. महागड्या टॉनिकच्या बाटलीची गरज नसते.

शेवटी एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. यादी कितीही शहाणपणाने केली, तरी बहुतेक घरांत सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारी बाई भांड्याच्या तळाशी उरलेले वरण पोळीला लावून उठते. तेल-बिस्किटांतून वाचलेल्या पैशांची डाळ तिच्या ताटात गेली का, हे जेवायला एकत्र बसले तरच दिसेल. आज रात्री सगळ्यांची ताटे एकदम वाढा.