खुनी पहिल्याच दृश्यात: ‘कोलंबो’ आणि ‘पोकर फेस’मधलं विलक्षण साम्य

पडद्यावर लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून एक गाडी येते आहे, पण तिच्या इंजिनाचा आवाज नाही. ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक. एका उंच इमारतीतल्या कार्यालयात एक लेखक रहस्यकथा लिहिण्यात गढलेला आहे आणि गाडीतून येतो आहे तो त्याचा भागीदार. काही तासांत हाच भागीदार त्याला गोळी घालणार आहे. खुनी कोण, खून कसा केला, पोलिसांना चकवण्यासाठी काय बेत रचला, हे सगळं प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर चुरगळलेला रेनकोट घातलेला एक पोलीस अधिकारी अवतरतो. 15 सप्टेंबर 1971 रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘कोलंबो’ या मालिकेची अशी सुरुवात झाली. त्या भागाचा दिग्दर्शक होता 24 वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग.

26 जानेवारी 2023 रोजी ‘पीकॉक’ या स्ट्रीमिंग सेवेवर ‘पोकर फेस’ ही मालिका सुरू झाली. पीकॉक ही एनबीसीच्याच घरातली सेवा. इथेही खून आधी दिसतो आणि खुन्याचा चेहरा झाकलेला नसतो. नावं उमटतात तीही सत्तरच्या दशकातल्या मालिकांसारख्या ठसठशीत पिवळ्या अक्षरांत. निर्माता रायन जॉन्सन याने आपल्यावरचं ‘कोलंबो’चं ऋण कधी लपवलं नाही. एका कथाप्रकाराचा इतक्या वर्षांचा प्रवास या दोन मालिका शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसतो.

उलट्या पावलांची रहस्यकथा

रहस्यकथा म्हटलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो: खून कोणी केला? लेखक संशयितांची रांग उभी करतो आणि शेवटच्या पानावर बोट दाखवतो. पण याच्या उलट मांडणीची परंपराही शंभर वर्षांहून जुनी आहे. रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज डॉक्टर-लेखकाचा ‘द सिंगिंग बोन’ हा कथासंग्रह 1912 साली आला. त्यातल्या अनेक कथांमध्ये पहिल्या भागात गुन्हा घडताना दिसतो आणि दुसऱ्या भागात डॉ. थॉर्नडाइक हा वैद्यकीय तपासनीस तो कसा उलगडतो ते कळतं. वाचकाला उत्तर ठाऊक असूनही कथा हातातून सुटत नाही. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट माहीत असतोच, तरी बुवा तिथवर कसे नेतात यासाठी तो बसून राहतो. तसंच हे.

रिचर्ड लेविन्सन आणि विल्यम लिंक हे फिलाडेल्फियाचे शाळकरी दोस्त. त्यांनी हा प्रकार दूरचित्रवाणीवर रुजवला. त्यांचा कोलंबो 1960 साली एका तासाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा दिसला, तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीड यांनी केली होती. 1962 मध्ये त्याच कथेचं ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ हे नाटक झालं आणि 1968 मध्ये त्याच नावाचा दूरचित्रवाणीपट आला. त्यात पीटर फॉक कोलंबो झाला आणि पुढची पस्तीस वर्षं ही भूमिका त्याच्याकडेच राहिली.

वेड पांघरून पेडगावला

कोलंबोचं वर्णन करायला मराठीत तयार वाक्प्रचार आहे: वेड पांघरून पेडगावला जाणं. लॉस एंजेलिस पोलिसांतला हा लेफ्टनंट खिसे चाचपत, पेन उसनं मागत, बायकोच्या गोष्टी सांगत श्रीमंतांच्या बंगल्यांत शिरतो. त्याची जुनी प्यूजो 403 गाडी पाहून नोकरसुद्धा नाक मुरडतात. तो रेनकोट फॉकच्या स्वतःच्या कपाटातला होता. तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे फॉकचा उजवा डोळा काढावा लागला होता आणि काचेच्या डोळ्यामुळे आलेली ती तिरकी नजर कोलंबोचीच होऊन गेली. या पात्राच्या मुळाशी दस्तयेव्हस्कीच्या 1866 मधल्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला पोर्फिरी पेत्रोविच होता. तोही नम्रपणे, घोळवून घोळवून प्रश्न विचारत रास्कोलनिकोव्हला घेरतो.

कोलंबोची सर्वांत प्रसिद्ध लकब म्हणजे निरोप घेऊन दारापर्यंत जायचं आणि तिथून वळून म्हणायचं, ‘आणखी एकच गोष्ट.’ तिचा जन्म निव्वळ आळसातून झाला. नाटक लिहिताना एक प्रवेश आखूड पडला. कोलंबो तर रंगमंचावरून गेलेला होता आणि पान पुन्हा टाइप करायची लेविन्सन आणि लिंक यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी त्याला दारातून परत आत आणलं. टाइप करणं टाळायला केलेल्या त्या युक्तीने पुढे कित्येक खुन्यांना घाम फोडला.

या मालिकेची ताकद कळायला 1973 मधला ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ हा भाग पुरेसा आहे. एड्रियन कार्सिनी हा वाइन तयार करणारा रसिक माणूस. सावत्र भाऊ वाइनरी विकायला निघतो, तेव्हा कार्सिनी त्याला बेशुद्ध करून तळघरात बांधतो, तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो आणि लिलावासाठी न्यूयॉर्कला जातो. भाऊ गुदमरून मरतो. परतल्यावर कार्सिनी भाऊ समुद्रात बुडून मेल्याचा देखावा रचतो. त्याच आठवड्यात कडक उन्हाळा पडलेला असतो. पुढे कोलंबो त्याला जेवायला नेतो आणि वेटर जुनी पोर्ट वाइन ओततो. एका घोटात कार्सिनी ओरडतो की ही वाइन उष्णतेने बिघडली आहे. ती बाटली त्याच्याच तळघरातली असते. जगात मोजक्या जिभांना कळेल असा फरक कार्सिनीच्या जिभेला कळतो आणि तीच जीभ त्याला पकडून देते. शेवटी गाडीत बसून कोलंबो त्याच्याबरोबर वाइनचा एक घोट घेतो. गुन्हा पकडला जातो, पण माणसाचा अपमान होत नाही.

खोटं ओळखणारी चार्ली

‘पोकर फेस’ची नायिका चार्ली केल पोलीस नाही. नताशा लिओन हिने साकारलेली चार्ली सुरुवातीला एका कॅसिनोत काम करते. समोरचा खोटं बोलला की तिला तत्काळ कळतं. ही तिची जन्मजात देणगी. पहिल्याच भागात मैत्रिणीच्या खुनाचा छडा लावल्यावर कॅसिनोच्या मालकाची माणसं तिच्या मागे लागतात. मग ती आपल्या 1969 च्या प्लिमथ बाराकुडा गाडीतून गावोगाव पळत राहते. मिळेल ते काम करते आणि जाईल तिथे एक खून तिच्यासमोर येऊन उभा राहतो.

दोन्ही मालिकांची रचना एकाच साच्यातली आहे. दर भागात नवा खुनी असतो आणि त्यासाठी मोठा कलाकार येतो. ‘कोलंबो’त जॅक कॅसिडी, रॉबर्ट कल्प, पॅट्रिक मॅकगुहान आले. ‘पोकर फेस’मध्ये एड्रियन ब्रोडी, क्लोई सेव्हिनी आले. खुनी हुशार असतो आणि समोरच्या गबाळ्या माणसाला कमी लेखतो, ही त्याची खरी चूक. दोन्ही शोधकांच्या गाड्या जुन्या, केस विस्कटलेले आणि गप्पा न संपणाऱ्या.

उलट्या रहस्यकथेत लेखकासमोर एक अडचण कायम असते: शोधकाला संशय यायचा कसा? कोलंबोला तो एखाद्या क्षुल्लक विसंगतीवरून येतो. जॉन्सनने ही अडचण देणगीच्या जोरावर सोडवली आणि लगेच नवी उभी केली. समोरचा खोटं बोलतो आहे एवढंच चार्लीला कळतं, का बोलतो आहे हे कळत नाही. आणि ‘मला जाणवलं’ हा पुरावा कुठल्या न्यायालयात चालणार? म्हणून तिलाही कोलंबोसारखंच वस्तूंकडे, वेळांकडे आणि माणसांच्या सवयींकडे बारकाईने पाहावं लागतं.

दोन खून, एकच कारण

साम्य किती खोलवर गेलं आहे, हे दोन भाग शेजारी ठेवून पाहू.

सुरुवातीला सांगितलेला ‘कोलंबो’चा तो भाग म्हणजे ‘मर्डर बाय द बुक’. जोडीने रहस्यकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी जिम फेरिस खरा लेखक आणि केन फ्रँकलिन नुसता मिरवणारा. फेरिस स्वतंत्र व्हायचं ठरवतो. फ्रँकलिन त्याला दूरच्या बंगल्यावर नेतो आणि ‘मी ऑफिसातच आहे’ असा फोन बायकोला करायला लावतो. फोन चालू असतानाच गोळी झाडतो. बायको शपथेवर सांगेल की नवरा ऑफिसात मेला. हीच युक्ती पुढे फेरिसच्या जुन्या टिपणांत लिहिलेली सापडते. पकडला गेल्यावर फ्रँकलिन सांगतो की ती कल्पना मात्र त्याची स्वतःची होती. आयुष्यात सुचलेली एकुलती एक चांगली कल्पना, आणि तिनेच त्याला तुरुंगात पोचवलं.

‘पोकर फेस’मधल्या ‘रेस्ट इन मेटल’ या भागात रूबी रुइन ही गायिका आणि तिचा बँड एका जुन्या गाजलेल्या गाण्यावर जगत असतात. दौऱ्यासाठी घेतलेला तरुण ड्रमर गॅव्हिन एक नवं गाणं ऐकवतो आणि ते खणखणीत निघतं. ते गाणं आपलंसं करण्यासाठी बँड त्याला भर कार्यक्रमात विजेच्या धक्क्याने मारतो. त्यांचं सामान वाहणारी, टी-शर्ट विकणारी चार्ली सत्यापर्यंत पोचते. शेवटी उघड होतं की गॅव्हिनच्या त्या गाण्याची चाल नकळत ‘बेन्सन’ या जुन्या विनोदी मालिकेच्या शीर्षकसंगीतातून आली होती.

दोन्हीकडे दुसऱ्याच्या प्रतिभेवर जगणारा माणूस तिच्या धन्यालाच मारतो. जॉन्सनच्या मालिकेने एक पाऊल पुढे टाकलं. जुन्या टीव्हीचे सूर नव्या पिढीच्या कानांत किती खोल मुरलेत, हे तिने खुनाच्या गोष्टीतच ओवलं.

वाटा वेगळ्या होतात तिथे

साम्याइतकाच फरकही बोलका आहे. कोलंबो खून झाल्यानंतर येतो आणि मृताला तो ओळखत नसतो. ‘पोकर फेस’मध्ये खून दाखवून झाला की कथा मागे जाते आणि कळतं की चार्ली आधीपासून तिथेच होती. मेलेला बहुतेकदा तिच्या ओळखीचा, तिने जीव लावलेला असतो. कोलंबोसाठी ते कर्तव्य आहे, चार्लीसाठी शोक.

दुसरा फरक वर्गाचा. कोलंबोचे खुनी सर्जन, संगीतकार, उद्योगपती, लेखक. त्यांच्या संगमरवरी दिवाणखान्यात एक साधा पोलीस चिवटपणे उभा राहतो. चार्लीचं जग महामार्गावरच्या टपऱ्या, बार्बेक्यूची हॉटेलं, वृद्धाश्रम आणि मोटेल यांचं आहे. तिथे मारलेला माणूस गेला तरी फारसं कुणी विचारत नाही. चार्ली विचारते. बिल्ला नाही, अधिकार नाही, आपलंच नाव लपवत फिरावं लागतं; तरी ती थांबते, आणि मगच पुढच्या गावाला निघते.

हा साचा केवळ अमेरिकेत राहिला नाही. जपानमध्ये कोकी मितानी यांनी 1994 पासून ‘फुरुहाता निन्झाबुरो’ ही याच घडणीची मालिका लिहिली आणि ती तिथे अतिशय लोकप्रिय झाली. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये फॉल्क मिक्शा रस्त्यावर डोकं खाजवणाऱ्या कोलंबोचा पुतळा आहे, पायाशी त्याच्या बॅसेट हाउंड कुत्र्यासह.

‘कोलंबो’चा 69वा आणि शेवटचा भाग जानेवारी 2003 मध्ये दाखवला गेला. पीटर फॉक 2011 साली गेला, विल्यम लिंक 2020 साली. आणि जानेवारी 2023 मध्ये, त्या शेवटच्या भागाला बरोबर वीस वर्षं होत असताना, पिवळी अक्षरं पुन्हा पडद्यावर उमटली. गेला गेला म्हणता म्हणता कोलंबो दाराशी वळला होता.