जुन्या डिझेल वाहनाचा धूर व त्याची चाचणी

नाशिक जिल्ह्यातील अनेक शेतकरी बंधू आपला कांदा लासलगावास व टोमॅटो पिंपळगावास नेण्यासाठी जुनी डिझेल पिकअप वा जीप वापरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये अशा वाहनासोबत पी. यू. सी. प्रमाणपत्र बाळगणे बंधनकारक आहे. भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांस ते सहा महिन्यांसाठी मिळते व त्यांच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे.

चाचणीच्या वेळी उभ्या वाहनाचा अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात व धुरामुळे किती प्रकाश अडतो हे यंत्राने मोजतात. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल होय. चाचणीत नापास होणारे वाहन मालकाचा पैसाच हवेत उडवीत असते.

यास्तव चाचणीपूर्वी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात :

१. प्रथम एअर फिल्टर पाहावा. शिवाररस्त्यांवरील धुळीने तो लवकर कोंदतो व इंजिनास हवा अपुरी पडते. तेलाचा फिल्टर असल्यास वाटी धुऊन नवे तेल भरावे. कागदी असल्यास बदलावा.

२. इंजेक्टरची नोझले तपासून घ्यावीत. नोझल झिजल्यास डिझेलचा फवारा न होता थेंब पडतात व ते नीट जळत नाहीत.

३. जास्त ओझे ओढावे म्हणून पुष्कळ जण पंपाचे डिझेल वाढवून घेतात. ताकद थोडी वाढते, परंतु धूर फार वाढतो. पंप व टायमिंग जाणकार कारागिराकडून मूळ मापावर आणावे.

४. इंजिनाचे तेल व पाणी पाहून, वाहन दहा-पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन गरम असतानाच केंद्रावर न्यावे. थंड इंजिन अधिक धूर देते.

धूर निळसर असल्यास इंजिनात तेल जळत आहे असे समजावे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले असतील, तर फिल्टर बदलून उपयोग होणार नाही.

चाचणीविना कागद मिळविण्याचा मोह मात्र टाळावा. कागदाने धूर कमी होत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. बाजारातून परतताना गाडीच्या मागील भागात बहुधा आपलीच मुलेमाणसे बसलेली असतात, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.