एकट्या मतदारासाठी अख्खं मतदान केंद्र!

गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज नावाचं ठिकाण आहे. तिथल्या मंदिराचे महंत हे त्या केंद्राचे एकमेव मतदार. निवडणूक आली की कर्मचारी, मतदान यंत्र, पोलीस असा सगळा लवाजमा त्यांच्यासाठी सिंहांच्या मुलखात जातो. महंतांनी बटण दाबलं की मतदान शंभर टक्के! सरकारी खर्चावर आपण एरवी कितीही कुरकुरत असलो, तरी हा पैसा सत्कारणी लागला असंच मी म्हणेन.

एक मत काय करू शकतं? २००८ साली सी. पी. जोशी राजस्थान प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते, मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. नाथद्वाऱ्याच्या मतमोजणीत आकडे आले ६२,२१५ आणि ६२,२१६. जोशी एका मताने पडले!

मतं अगदी सारखी पडली तर चिठ्ठी टाकतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा नगरसेवक असाच ठरला. त्या दिवशी घरी बसलेल्यांपैकी एखाद्याने जरी मनावर घेतलं असतं, तरी चिठ्ठीची वेळ आली नसती.

आता दुसरं टोक. १९९६ साली तामिळनाडूतल्या मोडाकुरिची मतदारसंघात तब्बल १,०३३ उमेदवार उभे राहिले. आपल्या प्रश्नांकडे कुणी बघत नाही म्हणून शेतकऱ्यांनी ढिगाने अर्ज भरले होते. मतपत्रिकेची चक्क पुस्तिका छापावी लागली!

पण मला सगळ्यात भावते ती १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची गोष्ट. मतदार याद्या करताना लाखो बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले: बाईचं स्वतःचं नाव हवं. नाव न सांगितलेल्या सुमारे २८ लाख जणी यादीबाहेर गेल्या. निर्णय कठोर होता, त्या वेळी ओरडही झाली. तरी मला तो पटतो. मत नवऱ्याचं नव्हतं, मुलाचंही नव्हतं, तिचं होतं.

एकट्याचा आवाज न्यायालयातही मोलाचा ठरतो. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. ज्येष्ठ असूनही त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड. २०१७ साली गोपनीयतेच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवून रद्द करणारं निकालपत्र लिहिलं त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. खन्नांचं म्हणणं खरं ठरायला ४१ वर्षं लागली.

आणि हे तुमच्या कामाचं. मतदानाला गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं असेल, तर मान खाली घालून परतू नका. ओळख पटवून द्या आणि वेगळी मतपत्रिका मागा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. घरात कुणाला सतरा वर्षं पूर्ण झाली असतील, तर नावनोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो. फॉर्म क्रमांक ६. या रविवारीच भरून टाका.