न्यायालयाचे कामकाज पडद्यावर दाखवावे काय?



मी वकील नाही. बेळगावात जवळजवळ चाळीस वर्षे साखरेच्या गोळ्या देणारा होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. तरीही या विषयावर लिहितो आहे, त्याला माझी एक साक्ष कारण झाली.

एका वयोवृद्ध रुग्णाच्या मृत्युपत्रावर मी साक्षीदार म्हणून सही केली होती. ते गेले, भावंडांत वाद लागला आणि मला समन्स आले. सही माझीच, शुद्धीवर असताना त्यांनी माझ्यादेखत सही केली, एवढे सांगून सुटू असे वाटले होते. पण उलटतपासणी सुरू झाली. त्यांना माणसे ओळखू येत होती का? रात्री अंथरूण ओले होई का? मुलाने अंगावर हात टाकला, असे ते कधी म्हणाले होते का? रुग्णाने विश्वासाने सांगितलेले डॉक्टरला न्यायालयात राखून ठेवता येत नाही. आपल्या कायद्यात वकिलाला ते संरक्षण आहे, डॉक्टरला नाही. मी उत्तरे दिली. त्या खोलीत पंधरावीस माणसे होती आणि बहुतेक आपापल्या तारखेची वाट पाहत होती. मागच्या बाकावर त्यांची थोरली मुलगी पदर तोंडाशी धरून खाली मान घालून बसली होती.

तिथे कॅमेरा असता तर? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

न्यायालय उघडे असावे, हे तत्त्व जुने आहे आणि योग्यच आहे. बंद दाराआड झालेल्या न्यायावर कोणी विश्वास ठेवत नाही. परंतु उघडे दार आणि सर्वदूर प्रसिद्धी या दोन गोष्टी एकच आहेत का, हा वाद आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी होऊन गेला आहे. १९६४ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकावर अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. साक्ष छापून आल्यास धंद्याचे नुकसान होईल, अशी एका साक्षीदाराने तक्रार केली. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्याची साक्ष उघड्या न्यायालयातच घेतली, पण ती वृत्तपत्रांत छापू नये असे सांगितले. वार्ताहर मिरजकर आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, खुले न्यायालय हा नियमच आहे, पण न्यायासाठी गरज पडली तर प्रसिद्धीला आवर घालण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र विरुद्ध मत नोंदवले. दोन्ही बाजूंना वजन होते, आजही आहे.

कॅमेऱ्याचा प्रश्न २०१८ साली ऐरणीवर आला. स्वप्नील त्रिपाठी आणि इतरांच्या याचिकांवर २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. पुढे करोनाच्या काळात गुजरात उच्च न्यायालयाने यूट्यूबवर कामकाज दाखवायला सुरुवात केली, मग कर्नाटकाने. सर्वोच्च न्यायालयात २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी नियमित दिसू लागली. शिवसेनेतील फुटीचा खटला तुमच्यापैकी अनेकांनी घरबसल्या पाहिला असेल.

याचा लाभ मला मोठा वाटतो, आणि तो आपल्यासारख्या टोकाला राहणाऱ्यांना अधिक आहे. धारवाडला २००८ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू होईपर्यंत बेळगावच्या माणसाला अपिलासाठी बंगळूरची वाट धरावी लागे. जाण्यायेण्यात दोन रात्री गाडीत जायच्या आणि हाती पुढची तारीख यायची. आपल्या वकिलाने तोंड उघडले की नाही, हेही कळायचे नाही. आता ते दिसते. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या या प्रश्नात गेल्या, त्यांना दोन्ही राज्यांचे वकील काय बोलतात ते स्वतःच्या कानांनी ऐकता यायला नको का?

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींचे अनुचित उद्गार चित्रफितींतून देशभर पसरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात खेद व्यक्त केला आणि प्रकरण मिटले. यावर उपाय प्रक्षेपण बंद करणे नव्हे, तर अधिक प्रकाश हाच आहे, असे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी त्या वेळी सुचवले. ते मला पटते. कॅमेरा नसता तर ते उद्गार तिथेच विरून गेले असते.

पण असे तुकडे प्रत्येक वेळी खरेच सांगतील असे नाही. न्यायमूर्ती वकिलाला पेचात पकडण्यासाठी उलटा प्रश्न विचारतात. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला की तेच त्यांचे मत होऊन फिरते. जैन परंपरेत शिकवतात की, एका बाजूने पाहिलेले ते ‘नय’ आणि सर्व बाजूंनी जाणलेले ते ‘प्रमाण’. नय खोटा नसतो, पण तोच पूर्ण सत्य म्हणून धरला की त्याचा ‘दुर्नय’ होतो. भ्रमणध्वनीवर येणारे बहुतेक तुकडे या जातीचे असतात.

आणि साक्षीदार? माझ्या दवाखान्यात रुग्णाबरोबर शेजारी आलेला असला तर रुग्ण झोप, भूक, पोट एवढेच सांगतो. शेजारी बाहेर गेला की खरे दुखणे बाहेर येते. एका तिऱ्हाइताने एवढा फरक पडतो, तर लाखो तिऱ्हाइतांसमोर साक्षीदार कसा बोलेल? शिवाय त्या खोलीतली माणसे संध्याकाळी घरी जातात आणि विसरतात. यूट्यूब विसरत नाही. अमेरिकेत १९९५ साली ओ. जे. सिम्प्सन यांचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने दूरचित्रवाणीवर चालला. त्यात साक्षीदार आणि वकील नटनट्यांसारखे प्रसिद्ध झाले.

म्हणून माझे मत असे. जिथे कायद्याचा किंवा घटनेचा अर्थ लावला जातो, तो युक्तिवाद सर्वांचा आहे. तो संपूर्ण दाखवावा. जिथे एखाद्या माणसाचे घर उघडे पडते ती साक्ष दाखवू नये. तिथे उघडे दार पुरे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या नमुना नियमांत कौटुंबिक दावे, लैंगिक गुन्हे, बालकांची प्रकरणे यांबरोबर साक्ष आणि उलटतपासणीचे चित्रणही प्रक्षेपणातून वगळले आहे. उद्या जिल्हा न्यायालयांत कॅमेरे आले तरी हे कलम हलता कामा नये. इंग्लंडने असाच बेताचा मार्ग धरला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज दिसते, पण क्राउन कोर्टात २०२२ पासून शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाचेच चित्रण होते, साक्षीदाराचे नाही.

एक गोष्ट अजून राहते. दिसणे म्हणजे समजणे नव्हे. १९०८ साली लोकमान्यांवरील खटला उघड्या न्यायालयात चालला. ते स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले. पण ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि ‘केसरी’तले मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले. भाषांतर बरोबर की चूक, हाच बचावातला एक मोठा मुद्दा होता. आज उलटे झाले आहे: मराठी माणूस इंग्रजी युक्तिवाद पाहतो आणि चेहऱ्यांवरून निकाल ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठीत मिळतात, ही चांगली सोय आहे. सुनावणीबरोबरच तिचा थोडक्यात गोषवारा मराठीत आणि कन्नडमध्ये दिला, तर प्रक्षेपणाचे चीज होईल.

तोवर आपल्या हातात एवढे आहे: सुनावणी पाहायची तर सलग पाहावी, आणि आलेला तुकडा पुढे पाठवण्याआधी तो कुठल्या वाक्यानंतरचा आहे हे शोधावे. सापडले नाही, तर पाठवू नये.