मत दिलं, पण पोचलं का?

आपल्या बचत गटाची बैठक आठवून बघा. अध्यक्ष शेजारची, सचिव नात्यातली, अविश्वास ठेवावा असं काहीच नसतं. तरी दर महिन्याला वही मोठ्यांदा वाचली जाते आणि प्रत्येकीच्या पासबुकात नोंद होते. हिशेब उघडा असला की भांडणं होत नाहीत. मग पाच वर्षांचा कारभार ज्या मतावर ठरतो, त्याच्या हिशेबाकडे आपण एवढ्याच बारकाईने का पाहू नये?

२००४ च्या लोकसभेला सगळ्या देशात मतदान यंत्र आलं. त्याआधी कागदावर शिक्का मारायचा, घडी चुकली की शाई दुसरीकडे उमटायची आणि मत बाद व्हायचं. मतपेट्या पळवल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. यंत्राने हे त्रास कमी केले, हे मान्यच करायला हवं. पण एक गोष्ट हातची गेली. कागद डोळ्यांना दिसायचा, यंत्राच्या पोटातलं दिसत नाही.

म्हणूनच ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. तेच व्हीव्हीपॅट. बटण दाबल्यावर काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, मग ती खालच्या पेटीत पडते. मात्र या सगळ्या चिठ्ठ्या मोजल्या जात नाहीत. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडून बघतात. सगळ्याच मोजा, ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या विधानसभेचा निकाल लागला आणि सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी गाव गाजलं. यंत्रातले आकडे गावकऱ्यांना पटेनात. ३ डिसेंबरला त्यांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि बेत रद्द झाला. दुसरीकडे, राज्यात २८८ जागांच्या १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठेही फरक आढळला नाही, असं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. यंत्रात घोटाळा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण शंका आली तर ती फिटायची सोपी वाट हवी, एवढं म्हणणं काही वावगं नाही.

ती वाट किती मोलाची असते, हे हरियाणातल्या बुआना लाखू गावाने दाखवलं. तिथे २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या आकड्यांत गफलत झाली आणि वाद कोर्टात गेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रंच दिल्लीला मागवली. ऑगस्ट २०२५ मध्ये फेरमोजणी झाली आणि हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकला. यंत्र बरोबरच होतं, चूक माणसाची होती. पण जवळजवळ तीन वर्षं खुर्चीचा वाद चालला!

आता आपल्या भोकरदनसारख्या गावांचं बघू. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यांत व्हीव्हीपॅट नव्हतंच. नळाचं पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे ज्यांच्या हाती, त्यांना दिलेल्या मताची चिठ्ठीच नाही! जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय की, तंत्रज्ञान न कळणाऱ्या साध्या नागरिकालाही निवडणुकीची पडताळणी करता आली पाहिजे.

आपण काय करू शकतो? लोकसभा-विधानसभेला बटण दाबून लगेच निघू नका, काचेतली चिठ्ठी वाचा. चिन्ह वेगळं दिसलं तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा. ते लेखी घेऊन चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे, म्हणून नीट बघूनच बोला. आणि बायकांनी मतदान प्रतिनिधी म्हणूनही बसावं. सकाळी चाचणी म्हणून किमान पन्नास मतं टाकून बघतात, ती प्रतिनिधींसमोरच. संध्याकाळी किती मतं पडली याचा १७-सी नमुना मिळतो, तो जपून ठेवायचा आणि मोजणीच्या दिवशी आकडा जुळवायचा. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी सांगणाऱ्या आपण, एवढं तर सहज जमेल.

नगर परिषदेलाही चिठ्ठी हवी, ही मागणी मात्र पुढच्या निवडणुकीची वाट न बघता आत्तापासूनच करायला हवी. महिला मंडळाच्या येत्या बैठकीत ठराव करा आणि सह्यांसह तहसीलमध्ये देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका हं!