लिंकवरचं कमिशन: उचललेली वेबसाईट चालत नाही, स्वतः वापरून लिहिलेली चालते

‘अफिलिएट वेबसाईट बनवा, घरबसल्या कमवा, रेडिमेड साईट चार-पाच हजारांत.’ असे मेसेज हल्ली गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. तरुण मुलं पैसे भरतात, साईट सुरू होते आणि पुढे तिकडे कुणी फिरकत नाही. धंदा खोटा नाही. मात्र त्याचे प्रकार किती, पैसा कुठून येतो आणि साईट कशाने चालते, हे आधी समजून घ्यायला हवं.

धंदा नेमका काय आहे?

सरळ सांगायचं तर ही ऑनलाइन अडत आहे. माल कंपनीचा, दुकान ऑनलाइन कंपनीचं. आपण फक्त गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत न्यायचं. नाव नोंदवलं की आपल्या खुणेची लिंक मिळते. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली तर दुकान आपल्याला कमिशन देतं. लिंकमुळे गिऱ्हाइकाला जादा पैसे मोजावे लागत नाहीत. अमेझॉनने आपली अशी योजना १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केली. आज भारतातही ती चालते.

नियम मात्र कडक आहेत. अमेझॉनच्या योजनेत नाव नोंदवायला फी नाही, पण १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. आपणच आपल्या लिंकवरून घेतलेली किंवा घरच्यांना घ्यायला लावलेली वस्तू त्यात धरत नाहीत. वस्तू परत गेली की कमिशनही गेलं.

आता हिशेब बघा. समजा फवारणीचा पंप ३,००० रुपयांचा आहे आणि कमिशन ५ टक्के धरलं, तर एका पंपामागे १५० रुपये. महिन्याला १०,००० रुपये पाहिजेत तर ६७ पंप विकले गेले पाहिजेत. लिंक दाबणाऱ्या १०० जणांतले ३ जण घेतात असं धरलं, तरी सव्वादोन हजार लोकांनी लिंक दाबायला हवी. म्हणजे साईटवर येणारी माणसं त्याच्या कितीतरी पट लागतात. एका आठवड्यात हे होत नसतं.

साईटचे प्रकार

*आढाव्याची साईट:* एकेक वस्तू घेऊन तिचं बरंवाईट सांगायचं. अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झालेली ‘वायरकटर’ ही साईट वस्तू वापरून, तपासून मग शिफारस करते. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती विकत घेतली. वृत्तपत्राने पैसे मोजले ते लोकांच्या तिच्यावरच्या विश्वासाला.

*तुलनेची साईट:* दोन-चार मोबाईल किंवा पंप शेजारी ठेवून फरक दाखवायचा. विमा आणि कर्जाचीही तुलना होते, पण विमा विकायला विमा नियामकाचा परवाना लागतो. नवख्याने त्यात हात घालू नये.

*ऑफर, कूपन आणि कॅशबॅक:* आज कुठे सूट आहे ते सांगायचं. भारतातली ‘कॅशकरो’ ही २०१३ पासूनची साईट मिळालेल्या कमिशनचा वाटा गिऱ्हाइकालाच परत देते. इथे स्पर्धा मोठी आणि ऑफर दोन तासांत शिळी होते. एकट्या माणसाला हे झेपणं अवघड.

*एकाच विषयाची साईट:* फक्त शेळीपालनाचं साहित्य, फक्त ठिबक, फक्त शिलाई मशीन. विषय लहान, पण येणारा माणूस नेमकी तीच वस्तू शोधत आलेला असतो. गावातल्या माणसाला सगळ्यात जमणारा प्रकार हाच, कारण ती वस्तू त्याच्या रोजच्या हाताखालची असते.

उचललेली साईट का पडते?

चार-पाच हजारांत मिळणारी रेडिमेड साईट बहुतेक वेळा एकच असते. नाव बदलून ती शंभर जणांना विकलेली असते. कंपनीने लिहिलेली माहिती, कंपनीचेच फोटो आणि मशीनने केलेलं मराठी, जिथे वाक्य वाचलं तरी अर्थ लागत नाही.

नुसती दुकानाची माहिती उचलून लिंक चिकटवलेल्या पानांना गुगल आपल्या नियमांत स्पॅम धरतं. मार्च २०२४ मध्ये गुगलने हे नियम आणखी कडक केले. शोधात वर येण्यासाठी ढिगाने तयार केलेली, वाचणाऱ्याच्या उपयोगाची नसलेली पानं त्यात येतात, मग ती माणसाने लिहिलेली असोत की एआयने. अशी पानं शोधात खाली ढकलली जातात किंवा दिसतच नाहीत.

आणि समजा एखादा माणूस आलाच. त्याला हीच माहिती दुकानाच्या पानावर मिळते. मग तो तुमच्या साईटवर थांबेल कशाला?

वेगळेपण कुठून आणायचं?

बॅटरीच्या फवारणी पंपाचंच उदाहरण घेऊ. कंपनी लिहिते: १६ लिटर टाकी, १२ बाय ८ बॅटरी, दमदार प्रेशर. शेतकऱ्याला विचारायचं असतं ते वेगळंच:

- एका चार्जिंगवर खरोखर किती पंप होतात? नवा असताना किती आणि एका हंगामानंतर किती?
- भरलेली टाकी म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, वर पंपाचं वजन. पट्टा दुपारपर्यंत खांदा कापतो का?
- १२ बाय १२ बॅटरीसाठी जादा पैसे द्यावेत का, की दीड-दोन एकरवाल्याला १२ बाय ८ पुरते?
- नोझल, वॉशर, चार्जर तालुक्याच्या गावात मिळतात का? की वॉशरसाठी पुन्हा ऑनलाइनच मागवायचं?
- लाईट रात्री येत असेल तर चार्जिंगचं वेळापत्रक कसं बसवायचं?

ही उत्तरं ज्याने पंप पाठीवर घेतलाय तोच देऊ शकतो. टाक्या मोजा, वेळ लिहून ठेवा, शेतातच स्वतःच्या मोबाईलने फोटो काढा. पट्टा तुटला तर तुटलेल्या पट्ट्याचाही फोटो टाका. हंगाम संपल्यावर तेच पान उघडून पुढे काय झालं ते लिहा.

वस्तूचा दोषही लिहायचा. ‘तीन एकराच्या वर कपाशी असेल तर हा पंप घेऊ नका,’ असं स्पष्ट सांगितलं तर एक गिऱ्हाईक जाईल, पण दहा जण पुढच्या वेळी विचारायला येतील. गावातला जुना दुकानदार हेच करतो.

भाषाही आपलीच हवी. माणूस मोबाईलवर बोलून शोधतो, ‘बॅटरीचा पंप एका चार्जिंगला किती पंप मारतो?’ हाच प्रश्न आणि त्याचं उत्तर तुमच्या पानावर असेल तर ते सापडण्याची शक्यता जास्त. दहा वस्तूंची शंभर पानं उचलण्यापेक्षा वापरलेल्या चार वस्तूंची चार पानं बरी.

चुकीच्या सल्ल्याची किंमत

हा विषय नुसत्या कमिशनचा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या वेळी कारणांच्या चर्चेत बॅटरीच्या पंपातून उडणारी बारीक धुईही होती. पंपाचं कौतुक करणाऱ्या पानावर मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा आणि उपाशीपोटी फवारणी न करणं हे नसेल, तर ते पान अपुरं आहे. औषधाचं नाव आणि मात्रा साईटवर मनाने लिहू नये. ते काम कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचं आणि डब्यावरच्या लेबलचं.

कायदा काय सांगतो?

लिंकमधून कमिशन मिळत असेल तर ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. वस्तूची शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला पैशाचा संबंध उघड करावा, असं त्यात आहे. खोट्या, दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पानाच्या वरच्या बाजूलाच साध्या मराठीत लिहावं: ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते.’ एवढं लिहिल्याने गिऱ्हाईक पळत नाही.

पैसे भरण्याआधी

आधी पैसे भरा, मग आणखी दोघांना जोडा आणि त्यांच्या पैशातून कमवा, असं कुणी सांगत असेल तर ते अफिलिएट मार्केटिंग नाही. ती साखळी योजना आहे आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार अशा योजनांना बंदी आहे. ओटीपी, बँकेचा पासवर्ड किंवा यूपीआय पिन कमिशनसाठी कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करावा. खरेदीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सुरुवात करायला फार पैसे लागत नाहीत. गुगलच्या ब्लॉगरवर साईट फुकट बनते. स्वतःच्या नावाचा पत्ता पाहिजे असेल तर त्याचं वर्षाचं भाडं तेवढं भरावं लागतं, तेही साईटवर लोक येऊ लागल्यावर घेतलं तरी चालतं. पहिलं पान घरात आज वापरात असलेल्या एखाद्या वस्तूचं करावं: ती कधी घेतली, केवढ्याला घेतली, किती चालली, काय बिघडलं आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तीच घ्याल का. हे पाच प्रश्न खरेपणाने लिहिले तर ते पान कुणाकडून विकत घ्यावं लागणार नाही.