पडदा झाकला, पण कुलूप लागले का?

जेवणाच्या सुट्टीत एखाद्या कार्यालयात फेरी मारली, तर अनेक संगणकांच्या पडद्यांवर रंगीत फुगे तरंगताना किंवा कंपनीचे नाव इकडून तिकडे फिरताना दिसते. संगणक बंदोबस्तात आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात माऊसला जरासा धक्का लागला, की फुगे नाहीसे होतात आणि अर्धवट लिहिलेला ई-मेल, पगाराचा तक्ता किंवा बँकेचे उघडे खाते समोर उभे राहते. त्या क्षणी खुर्चीत जो कोणी बसलेला असेल, त्याने केलेले प्रत्येक काम संगणकाच्या नोंदीत मूळ वापरकर्त्याच्याच नावावर जमा होते. ‘ते मी केले नाही’ हे नंतर सिद्ध करणे फार अवघड असते.

ही गफलत होण्याचे कारण साधे आहे. पडदा झाकणे, यंत्राला झोपवणे आणि कुलूप लावणे ही तीन वेगवेगळी कामे असून, त्यांची वेळ मोजणारी तीन घड्याळेही वेगळी आहेत. बहुतेक वापरकर्ते या तिघांना एकच समजतात. स्क्रीनसेव्हर सुरू न होणे, पासवर्ड न विचारला जाणे किंवा भलत्याच वेळी कुलूप पडणे या तक्रारींचे मूळ बहुतांशी याच गैरसमजात सापडते.

स्क्रीनसेव्हर आला कशासाठी?

जुने संगणक काचेच्या जाडजूड नळीच्या पडद्यावर चालत. त्या काचेला आतून फॉस्फर या प्रकाशमान पदार्थाचा लेप असे. एकच चित्र तासन् तास तिथेच राहिले, की त्या जागेवरचा लेप झिजे आणि त्या चित्राची पुसट सावली पडद्यावर कायमची उमटे. हे टाळण्यासाठी जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. डिसेंबर १९८३ मध्ये तो ‘सॉफ्टॉक’ या अमेरिकी मासिकात प्रसिद्ध झाला. तीन मिनिटे कोणतीही कळ दाबली गेली नाही, तर पडदा काळा करणे, एवढेच त्याचे काम होते. पुढे १९८९ मध्ये ‘आफ्टर डार्क’ या प्रोग्रामने पंख असलेले टोस्टर पडद्यावर उडवले आणि स्क्रीनसेव्हर ही हौसेची वस्तू झाली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी अॅट होम’ या प्रकल्पाने तर रिकाम्या संगणकांच्या स्क्रीनसेव्हरला परग्रहावरील संदेश शोधण्याच्या कामाला जुंपले. मार्च २०२० मध्ये घरोघरच्या संगणकांना नवे काम पाठवणे या प्रकल्पाने थांबवले.

सपाट एलसीडी पडदे आले आणि स्क्रीनसेव्हरचे मूळ प्रयोजन जवळपास संपले. या पडद्यांवर सावली राहिलीच, तरी ती बहुधा तात्पुरती असते. ओएलईडी प्रकारच्या पडद्यांत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि वापराप्रमाणे झिजतो. तिथे हा धोका पुन्हा खरा ठरला आहे. तरीही त्यावरचा उत्तम उपाय म्हणजे पडदा बंद होऊ देणे. नाचरी त्रिमिती चित्रे दाखवणारा स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाही. उलट चित्रे रंगवणाऱ्या चिपला तो विनाकारण कामाला लावतो. आज स्क्रीनसेव्हरचा खरा उपयोग एकच उरला आहे. कोणी जागेवर नाही हे ओळखून कुलूप लावण्याचा तो एक सोयीस्कर इशारा आहे.

तीन घड्याळे

माणूस खुर्चीत आहे की नाही, हे सामान्य संगणकाला दिसत नाही. शेवटची कळ केव्हा दाबली गेली आणि माऊस शेवटचा केव्हा हलला, एवढीच वेळ तो लक्षात ठेवतो. तेव्हापासून ठरलेली मिनिटे उलटली, की संगणक निष्क्रिय आहे असे मानले जाते. एक जरी कळ दाबली गेली, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

पहिले घड्याळ स्क्रीनसेव्हर सुरू करते. दुसरे पडदा विझवते आणि त्यानंतर यंत्राला झोपवते. ते वीजबचतीच्या सेटिंगमध्ये असते आणि लॅपटॉपमध्ये बॅटरीवर चालताना व वीज जोडलेली असताना वेगवेगळे चालते. परत आल्यावर पासवर्ड विचारायचा की नाही, हे तिसरे ठरवते. कुलूप लागले तरी उघडे प्रोग्राम आत चालूच राहतात. उतरवून घेतली जाणारी फाइल उतरत राहते. यंत्र झोपले, तर मात्र ही कामे थांबतात. ‘काम बंद पडेल’ या भीतीने अनेक जण कुलूपच काढून टाकतात. वास्तविक त्यांनी झोपेची वेळ वाढवायची असते आणि कुलूप तसेच ठेवायचे असते.

स्क्रीनसेव्हर सुरूच होत नाही

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन या वाटेने गेल्यावर स्क्रीन सेव्हरची जुनी चौकट उघडते. तिथे ‘नन’ निवडलेले असेल, तर काही दिसण्याचा प्रश्नच नाही. निवड योग्य असेल, तर पडदा विझण्याची वेळ पाहावी. पडदा पाचव्या मिनिटाला विझत असेल आणि स्क्रीनसेव्हर दहाव्या मिनिटाला ठरवलेला असेल, तर तो कधीच दिसणार नाही.

दोन्ही वेळा बरोबर असूनही काही घडत नसेल, तर मोजणी मध्येच कोणीतरी मोडत आहे, असे समजावे. चकचकीत टेबलावर ठेवलेला प्रकाशावर चालणारा माऊस हात न लावताही किंचित थरथरतो आणि संगणकाला कोणी काम करत असल्याचा भास होतो. माऊस उलटा करून ठेवावा आणि काय होते ते पाहावे. जोडून ठेवलेला जॉयस्टिक किंवा पुस्तकाखाली दबलेली कीबोर्डची कळही हेच करते. तेवढ्याने भागले नाही, तर कीबोर्ड आणि माऊस सोडून इतर जोडण्या एकेक काढून पाहाव्यात.

चित्रफीत दाखवणारे, सभेचे आणि सादरीकरणाचे प्रोग्राम पडदा जागा ठेवण्याची विनंती संगणकाला करतात. सभा संपली, तरी मागे उघडा राहिलेला प्रोग्राम ही विनंती कधी कधी मागे घेत नाही. ती कोणाची आहे, हे शोधण्याची सोय विंडोजमध्ये आहे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे जागा सोडून तिरकी रेघ व ‘रिक्वेस्ट्स’ हा शब्द इंग्रजीत जोडला, की पडदा किंवा यंत्र जागे ठेवणाऱ्या प्रोग्रामची यादी मिळते. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘पीएमसेट’ या आज्ञेला ‘जी’ हा पर्याय आणि ‘असर्शन्स’ हा शब्द जोडल्यावर अशीच यादी दिसते.

पासवर्ड विचारला जात नाही

ही तक्रार सर्वांत गंभीर असूनही तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. स्क्रीन सेव्हरच्या त्याच चौकटीत मिनिटांच्या आकड्याशेजारी एक छोटा चौकोन असतो. परत येताना लॉगऑनचा पडदा दाखवावा, असा त्याचा अर्थ. तो रिकामा असेल, तर स्क्रीनसेव्हर म्हणजे केवळ दारावरचा पडदा. चौकोनात खूण करून ‘अप्लाय’ दाबावे. झोपेतून उठल्यावर पासवर्ड विचारावा का, हे ठरवणारे सेटिंग वेगळ्या ठिकाणी, अकाउंट्समधील साइन-इन ऑप्शन्स या पानावर आहे. तिथे ‘नेव्हर’ निवडलेले नसावे. पडदा नुसता विझल्याने कुलूप लागतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. मुळात खात्याला पासवर्डच दिलेला नसेल, तर या साऱ्या खटाटोपाचा काहीही उपयोग नाही.

मॅकमध्ये हे सारे सिस्टिम सेटिंग्जमधील लॉक स्क्रीन या एकाच पानावर आहे. स्क्रीनसेव्हर सुरू झाल्यावर किंवा पडदा विझल्यावर किती वेळाने पासवर्ड मागावा, ही तिथली महत्त्वाची ओळ होय. हा अवधी तासाभराचा ठेवला, तर तेवढा वेळ कोणीही आत शिरू शकतो. लिनक्सच्या नोम पद्धतीतही पडदा काळा होणे आणि कुलूप लागणे यांमधील अंतर वेगळे ठरवता येते. तिथे जुन्या एक्स-११ व्यवस्थेत एक खोडी आहे. एखादा मेनू उघडा ठेवून माणूस उठून गेला, तर कीबोर्डचा ताबा त्या मेनूकडेच राहतो आणि कुलूप लागू शकत नाही.

कुलूप भलत्याच वेळी पडते

लॅपटॉप विजेवरून काढताच लवकर बंद होत असेल, तर बॅटरीची वेळ वेगळी पाहावी. कुलूप लावल्यावर मिनिटभरातच पडदा काळा होतो, ही तक्रारही नेहमीची आहे. तो बिघाड नव्हे. कुलूपबंद पडद्यासाठी विंडोजमध्ये स्वतंत्र वेळ असून, ती मुळात एका मिनिटाची आहे. विंडोजमधील ‘डायनॅमिक लॉक’ ब्लूटूथने जोडलेला फोन दूर गेला, की कुलूप लावतो. ते चालू केल्याचे विसरले, तर फोनची बॅटरी संपल्यावरही संगणक बंद का होतो, हे कोडे सुटत नाही.

सेटिंगचे आकडे फिकट दिसत असतील आणि बदलता येत नसतील, तर कार्यालयाच्या संगणक विभागाने ते मध्यवर्ती ठिकाणाहून ठरवलेले असतात. ही अडवणूक सकारण असते. जगभरच्या कार्ड व्यवहारांसाठी असलेल्या ‘पीसीआय डीएसएस’ या मानकानुसार, १५ मिनिटांहून अधिक काळ निष्क्रिय राहिलेल्या वापरकर्त्याला पुन्हा ओळख पटवावी लागते. हा नियम चुकवण्यासाठी माऊस आपोआप हलवणारी उपकरणे बाजारात मिळतात. ती वापरणे म्हणजे पहारेकऱ्याला गुंगीचे औषध देण्यासारखेच आहे. कीबोर्ड चालू असल्याचा खोटा आभास निर्माण केल्याबद्दल वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढल्याचे वृत्त जून २०२४ मध्ये जगभर गाजले.

पासवर्ड बरोबर, तरी दार उघडत नाही

मराठीतून टंकलेखन करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. कुलूप लागले तेव्हा कीबोर्ड मराठीवर असेल, तर परतल्यावर इंग्रजी पासवर्डची अक्षरे देवनागरीत उमटू शकतात. पासवर्डच्या जागी केवळ ठिपके दिसत असल्याने चूक कळत नाही आणि वारंवार चुकल्यास खाते काही काळ बंद पडण्याची वेळ येऊ शकते. लॉगऑनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेचे चिन्ह असते. ते आधी पाहावे आणि विंडोजची कळ व स्पेस बार एकत्र दाबून इंग्रजीवर यावे. कॅप्स लॉक आणि आकड्यांसाठी नम लॉक यांचीही खात्री करावी. खुणेसाठी असलेला डोळ्याच्या आकाराचा बटण दिसत असेल, तर टंकलेले काय उमटले ते क्षणभर पाहता येते. मात्र शेजारी कोणी नाही ना, हे पाहूनच.

पडदा काळाच राहत असेल, तर घाईने वीज बंद करू नये. अर्धवट काम त्याने हमखास जाते. आधी एखादी कळ दाबून थोडे थांबावे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्याने पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ही अडचण वारंवार येत असेल, तर तो ड्रायव्हर अद्ययावत करावा.

कुलूपही तपासावे लागते

कुलूप लावणारा प्रोग्रामही अखेर माणसानेच लिहिलेला असतो. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेल्या एका प्रकारात लिनक्स मिंट वापरणाऱ्या एका गृहस्थाच्या दोन मुलांनी कुलूपबंद संगणकाचा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड एकाच वेळी मन मानेल तसा बडवला. त्यात स्क्रीनसेव्हरच कोसळला आणि संगणक उघडा पडला. ही त्रुटी जाहीर होताच दुरुस्तही झाली. अद्ययावत आवृत्ती वापरण्याचे महत्त्व यातून कळते. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे अजूनही ती वापरणाऱ्यांनी विसरू नये. आकर्षक स्क्रीनसेव्हर फुकट देणाऱ्या संकेतस्थळांपासूनही दूर राहावे. ‘एससीआर’ शेपटीची फाइल चित्रासारखी वाटली, तरी ती संगणकावर काहीही करू शकणारा पूर्ण प्रोग्रामच असते.

सेटिंग बदलल्यावर ते कागदावर बरोबर दिसते, एवढ्यावर समाधान मानू नये. वेळ तात्पुरती एक मिनिट करावी, हात बाजूला ठेवावेत आणि परतल्यावर पासवर्ड विचारला जातो का, ते डोळ्यांनी पाहावे. लॅपटॉप असेल, तर बॅटरीवर आणि विजेवर दोन्हीकडे पाहावे. त्यानंतर वेळ पाच ते दहा मिनिटे करावी. फार कमी वेळ ठेवली, तर माणूस वैतागून कुलूपच काढून टाकतो.

ही पाच-दहा मिनिटे मात्र उघडीच असतात, हे कोणतेही सेटिंग बदलू शकत नाही. आपोआप लागणारे कुलूप विसरभोळ्यांसाठी आहे. जागेवरून उठताना विंडोजवर विंडोजची कळ व ‘एल’, तर मॅकवर कंट्रोल, कमांड व ‘क्यू’ दाबण्याची सवय लावून घेणे हाच भरवशाचा उपाय. घराबाहेर पडताना दार आपोआप लागेल, अशी वाट कोणी पाहत नाही. उघड्या बँक खात्यासमोरून उठतानाही ती पाहू नये.